खर्चाचा हुकूम आणि तात्यांचा गुडघा

तात्यांनी उभं आयुष्य शिड्या बनवण्यात घातलं. आधी लाकडाच्या, मग लोखंडाच्या, पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या. घडीच्या, सरकत्या, चाकांच्या. कारखान्यात नवा नमुना तयार झाला की तो पहिल्यांदा तात्यांच्या पायाखाली जायचा. सगळ्यांत वरच्या पायरीवर उभं राहून ते दोन उड्या मारायचे आणि खाली बघून म्हणायचे, “जाऊ दे बाजारात.” प्रदर्शनांत तर लोक शिडी कमी आणि तात्यांना जास्त बघायचे.

कारखाना त्यांनी एकट्याने उभारला नव्हता. बरोबर वजीर होता. नाव वेगळं, पण तरुणपणी बुद्धिबळात वजीर गेला की हा गडी डाव टाकून उठायचा, म्हणून मित्रांनी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तात्या वेल्डिंग करायचे, वजीर माल विकायचा. त्याच्या जिभेवर अशी साखर, की तळमजल्यावर एका खोलीत राहणाऱ्यालाही शिडी गळ्यात मारून यायचा.

पुढे तात्यांच्या मुलीने आणि वजिराच्या मुलाने आपापसांत जमवलं, लग्न झालं आणि दोन जुने मित्र व्याही झाले. चारचौघांत अरे-तुरे बरं दिसेना. ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं, वजिराचे ‘व्याहीबुवा’ झाले. तात्यांची बायको तेव्हाच म्हणाली होती, “मान वाढला की बोलणं आटतं. बघाल तुम्ही.”

तसंच झालं. भांडणाचं मूळ म्हणजे पाइप. वजिराचं म्हणणं, पातळ पाइपाची हलकी, स्वस्त शिडी काढू, नाहीतर बाजार हातचा जाईल. तात्यांचं म्हणणं, पातळ पाइप वाकतो, आणि वाकल्या शिडीवरून पडणाऱ्याला स्वस्ताईचं कौतुक नसतं. वाद चिघळला तसा तात्यांनी सोपा मार्ग काढला. संचालकांच्या सभेला वजिराला बोलावणंच बंद केलं. सभा म्हणजे तात्या, त्यांचा चहा आणि त्यांची सही. वजीर बराच काळ गप्प राहिला आणि मग थेट कोर्टात गेला. मी या कंपनीचा भागधारक असून मला खड्यासारखं बाजूला काढलंय, असा त्याचा अर्ज होता.

खटला उभा राहिला, तारखा पडू लागल्या. साक्षीपुरावे सुरू व्हायच्या आधीच मुलगी आणि जावई मध्ये पडले. दोघांनी दोन्ही घरी खेटे घालून तडजोड जमवली. कंपनीने वजिराचे शेअर रास्त किमतीला विकत घ्यावेत, वजिराने अर्ज मागे घ्यावा. सह्या झाल्या. राहता राहिला वकिलांचा खर्च. तो कोणी सोसायचा यावर मात्र घोडं अडलं. शेवटी ‘खर्चाचं कोर्टाने ठरवावं’ असं लिहून सगळे मोकळे झाले.

कोर्टाने ठरवलं. सगळा खर्च तात्यांनी द्यावा, तोही चढ्या दराने. कारण काय, तर तडजोडीच्या आधी एकदा मध्यस्थाकडे बैठक ठरली होती. त्या दिवशी तात्या इमारतीपर्यंत आले आणि मध्यस्थाच्या टेबलाशी न येताच परत गेले. ‘ही वागणूक उद्दामपणाची आहे,’ असं हुकमात लिहिलं होतं.

खर्च तात्यांनी एकवेळ गिळला असता, पण तो शब्द काही गिळवेना. जेवता जेवता हात थांबवून ते म्हणायचे, “उद्दाम! मी!”

“भाजी वाढू का?” बायको विचारायची.

अपिलासाठी जावयाने एका वकीलबाईंचं नाव काढलं. त्या खर्चाच्या वादांखेरीज दुसरं काम घेत नसत. खटला संपला, निकाल लागला, हरणारा घरी गेला, जिंकणारा गेला, की मग यांचं काम सुरू. वकिलांच्या खोलीत त्यांना ‘वरातीमागून घोडं’ म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं.

“म्हणू द्या,” त्या तात्यांना पहिल्याच भेटीत म्हणाल्या. “वरातीत नाचतात सगळे. ओझं मात्र घोड्यालाच वाहावं लागतं.”

त्यांची खोली लहान होती. खिडकीत कोरफडीची कुंडी, टेबलावर फायलींच्या दोन थप्प्या, आणि मधल्या फटीतून दिसणाऱ्या वकीलबाई. त्यांनी हुकूम आधीच वाचून ठेवला होता.

“आधी वाईट बातमी सांगते, काका. खर्चाच्या हुकमात वरचं कोर्ट सहसा हात घालत नाही. खालच्या न्यायाधीशाला त्यात मोकळीक असते. ‘आम्ही असतो तर वेगळं ठरवलं असतं’ एवढ्यावर हुकूम बदलत नाही. चूक मुळातली लागते. नको ती गोष्ट धरली, नाहीतर धरायची तीच सोडली, असं काहीतरी.”

“मग इथे आहे का तसं?”

“आहे असं मला वाटतंय. तुम्ही का परत गेलात, हे तुम्हाला कोणी विचारलंच नाही. साक्ष नाही, उलटतपासणी नाही. नुसत्या कागदावरून माणसाचा स्वभाव ठरवून टाकला. हे चालत नाही.” त्यांनी पेन उघडलं. “पण वरचे न्यायाधीश मला पहिला प्रश्न हाच विचारणार. विचारलं असतं, तर तुमच्या अशिलाने काय सांगितलं असतं? काय सांगू मी?”

तात्या कोरफडीकडे बघत राहिले. “मन झालं नाही. आलो परत.”

वकीलबाईंनी पेनला टोपण लावलं. “मग हुकूम बरोबर आहे. याला उद्दामपणाच म्हणतात.”

तात्यांचा चेहरा पडला.

“काका, ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय? सांगण्यासारखं काही असेल तर उद्या या. नसेल तर तुमचे पैसे वाचवा आणि माझा वेळ.”

सांगण्यासारखं होतं, पण तात्यांच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं नव्हतं. मध्यस्थाचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. तात्या पोचले तेव्हा लिफ्टच्या दारावर ‘बंद’ अशी पाटी लोंबत होती. ते जिना चढू लागले. पहिला मजला कसाबसा झाला आणि उजव्या गुडघ्यातून अशी कळ निघाली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कठड्याला धरून ते उलटे खाली उतरले, गाडीशी जाऊन उभे राहिले आणि कळ ओसरल्यावर घरी आले. गुडघा बरेच दिवस कुरकुरत होता. कारखान्यात नव्या शिडीवर ते हल्ली फोरमनला चढवायचे आणि वर म्हणायचे, “नव्या माणसांना सवय व्हायला हवी.” फोरमनही कामाला लागून आता जुना झाला होता. पण बोलतो कोण?

गुडघ्याचं एकट्या बायकोला ठाऊक होतं.

“सांगून टाका ना त्यांना,” ती त्या संध्याकाळी म्हणाली. तात्या सोफ्यावर पाय लांब करून बसले होते.

“काय सांगू? शिडीवाल्याला जिना चढवत नाही, असं? बाजारात हसं होईल.”

“न्हाव्याला टक्कल पडतं म्हणून लोक केस कापायचे थांबतात का?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं? ‘उद्दाम’ म्हणून घेताय, पण ‘गुडघा दुखतो’ म्हणवत नाही. मला तर तो न्यायाधीश बरोबरच वाटायला लागलाय.”

दुसऱ्या दिवशी तात्या वकीलबाईंकडे गेले, दार लावून घेतलं आणि चोरी कबूल करावी तसं खालच्या आवाजात सगळं सांगितलं. वकीलबाई हसल्या नाहीत.

“डॉक्टरचा कागद आहे?”

“डॉक्टरकडे गेलोच नाही.”

“का?”

“गेलो असतो तर ते खरं ठरलं असतं.”

वकीलबाईंनी मान हलवली आणि शपथपत्र लिहायला घेतलं.

वजिराच्या वकिलाचं उत्तर आलं ते तिखटमीठ लावून. हा तरुण, चकचकीत बुटांचा वकील शब्दांत कंजूष नव्हता. गुडघा ही मागाहून सुचलेली सबब आहे, बैठकीच्या दिवशी त्याचं कोणी नावही घेतलं नव्हतं, आणि शिड्यांवर उड्या मारून माल खपवणाऱ्या माणसाने असं म्हणणं हास्यास्पद आहे, असं त्याने लिहिलं होतं. सोबत प्रदर्शनातला फोटो जोडला होता. सर्वांत वरच्या पायरीवर तात्या, दोन्ही हात हवेत.

“फोटो चांगला आलाय,” बायको म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी तात्या मुद्दाम लवकर निघाले. कोर्टाच्या इमारतीत लिफ्ट होती, पण ती आत. दारापर्यंत पोचायलाच रुंद दगडी पायऱ्या होत्या, आणि धरायला एकाच बाजूला लोखंडी कठडा. गर्दी व्हायच्या आत, कोणी ओळखीचं बघायच्या आत चढून जायचं, असा त्यांचा बेत होता. डावा पाय वर, मग उजवा ओढून त्याच्या शेजारी. पुन्हा डावा. मध्यावर आले आणि गुडघ्याने दगा दिला. तात्या कठड्याला धरून थांबले. मागे पावलं वाजली, तसे ते चटकन खाली वाकले.

“काय व्याहीबुवा, बुटाची नाडी?”

वजीर होता. लवकर येण्याची खोड त्यालाही होती.

“हो. सुटली जरा.”

वजीर दोन पायऱ्या वर आला, वाकून बघितलं. “चपलेला नाडी नसते, तात्या.”

तात्यांनी खाली पाहिलं. पायांत चपलाच होत्या. सरळ व्हायला गेले, तर होता येईना. कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती. वजीर त्या बोटांकडे बघत राहिला आणि त्याचा आवाजच बदलला.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“गुडघा रे. कधीपासून?”

तो ‘रे’ तात्यांच्या कानांवर इतक्या वर्षांनी पडला, की दुखणं क्षणभर बाजूला राहिलं. ते पायरीवर बसले. वजीरही इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता शेजारी बसला. वर जाणारे वकील आपले काळे डगले सावरत त्यांना वळसा घालून जात होते.

“म्हणजे ते शपथपत्रातलं खरं होतं,” वजीर म्हणाला.

“शपथेवर खोटं लिहीन मी?”

“मी त्या दिवशी वरून बघत होतो. मध्यस्थाच्या खिडकीतून. तू गाडीच्या टपावर हात टेकून उभा होतास, बराच वेळ. मला वाटलं, रागाने थरथरतोयस.”

“कळ येत होती.”

“पण लिफ्टने यायचं ना!”

“बंद होती.”

“मी आलो तेव्हा तर चालू होती.”

“मी आलो तेव्हा बंद होती. पाटी होती दारावर.”

वजिराने कपाळावर हात मारला. “मग फोन का नाही केलास?”

“तू खाली आला असतास?”

साखरजिभेच्या वजिराला याचं गोड उत्तर सहज देता आलं असतं. पण त्याने खरंच विचार केला. “नाही,” तो म्हणाला. “त्या दिवशी नसतो आलो.”

तात्यांना या उत्तराने बरं वाटलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“तो शब्द लिहा म्हणून मी नव्हतं सांगितलं हं,” वजीर म्हणाला.

“आणि फोटो?”

“फोटो वकिलाने लावला. मी नुसता दिला.”

आधी तात्या हसले, मग वजीर. हसता हसता तात्यांचा गुडघा हलला आणि ते कळवळले, त्यावर दोघे आणखी हसले.

“ऊठ, वजिरा,” तात्या म्हणाले. “तारीख चुकेल.”

“धर.” वजिराने खांदा पुढे केला.

वर दाराशी चकचकीत बुटांचा वकील अशिलाची वाट बघत उभा होता. आपला अशील ज्याच्याविरुद्ध उभा राहायचा, त्यालाच खांद्याचा आधार देत आणताना पाहून तो लगबगीने पुढे आला. वजिराने त्याला बाजूला घेतलं आणि दोघांची बरीच कुजबुज झाली. त्यात वकिलाचे हात जास्त हलत होते आणि वजिराची मान.

अपील दोन न्यायाधीशांपुढे होतं. बोलत होत्या त्या ज्येष्ठ न्यायाधीशबाई. शेजारचे न्यायाधीश लिहून घेत होते. वकीलबाई उभ्या राहणार, एवढ्यात चकचकीत बुटांचा वकील उठला.

“न्यायमूर्ती महोदया, वागणुकीच्या मुद्द्यावर माझे अशील आता जोर देत नाहीत. गुडघ्याचं कारण त्यांना मान्य आहे.”

न्यायाधीशबाईंनी त्याचं लेखी उत्तर वर धरलं. त्यातला तात्यांचा फोटो साऱ्या दालनाला दिसला. “कधीपासून मान्य आहे?”

“आज सकाळपासून.”

दालनात हशा पिकला. तात्यांनी खाली बघितलं, पण कान लाल झाले तरी त्यांना वाईट वाटलं नाही.

“तुम्ही सोडलं तरी आम्हाला ठरवावं लागेलच,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “वागणूक बाजूला ठेवू. खर्च सहसा हरणाऱ्यावर पडतो. इथे हरलं कोण?”

“आमच्या अशिलाला शेअरची किंमत मिळाली. म्हणजे ते जिंकले,” तरुण वकील म्हणाला.

“शेअर घ्यायला आम्हीही कधीच नकार दिला नव्हता,” वकीलबाई म्हणाल्या. “प्रश्न होता पाइपाच्या जाडीचा.”

“कशाच्या?”

वकीलबाईंनी समजावून सांगितलं. न्यायाधीशबाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि फाइल मिटली. “म्हणजे कोण जिंकलं हे शोधायला आम्ही आता सगळा खटला पुन्हा चालवायचा. साक्षी घ्यायच्या, शिड्या मागवायच्या, पाइप मोजायचे. कशासाठी? तर फक्त खर्चासाठी. ज्यांनी शहाणपणाने तडजोड केली, त्यांच्यावर ही पाळी आणायची नसते.” मग त्या थांबल्या. “पण एक गोष्ट कागदांवरूनच स्वच्छ दिसते. भागीदाराला सभेची नोटीसच दिली नाही. एकदा नाही, सतत. त्याला काही गुडघा कारण नव्हता.”

मागच्या बाकावर तात्यांनी मान खाली घातली. “खरंय,” ते पुटपुटले. शेजारी बसलेल्या वजिराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दोन्ही न्यायाधीश एकमेकांशी थोडं बोलले आणि निकाल तिथेच सांगितला. खालच्या कोर्टाने पुरावा न घेता, न विचारता एका माणसाच्या वागणुकीवर ठपका ठेवला आणि साऱ्या खर्चाचं ओझं त्या ठपक्यावर उभं केलं. ही मुळातली चूक. हुकूम रद्द. उद्दामपणाचा शेरा रद्द. सभेच्या नोटिशींसाठी वजिराला मधे एक वेगळा अर्ज करावा लागला होता, तेवढ्या अर्जाचा खर्च तात्यांनी द्यावा. बाकी ज्याचा खर्च त्याने सोसावा.

“आणि या अपिलाचा खर्च?” तरुण वकिलाने विचारलं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “आपापला. नाहीतर त्यावरही अपील येईल, आणि मला कधीतरी निवृत्तही व्हायचंय.”

बाहेर आल्यावर तात्यांनी वकीलबाईंना गाठलं. “म्हणजे मी उद्दाम नाही?”

“कोर्टापुरते नाही,” त्या फाइल काखेत मारत म्हणाल्या. “घरचं मला माहीत नाही.”

वजीर ठासून म्हणाला, “ते मी सांगतो.” आणि तात्यांना हाताला धरून लिफ्टकडे नेलं.

पुढच्याच आठवड्यात त्याने तात्यांना डॉक्टरकडे नेलं. तात्या ‘नको, बघू, सावकाश’ म्हणत होते. वजिराने ऐकलं नाही. त्याने उभ्या आयुष्यात इतक्या नाही म्हणणाऱ्यांना शिड्या विकल्या होत्या, की एका माणसाला डॉक्टर विकणं त्याला जड गेलं नाही. गुडघा पार झिजला होता. शस्त्रक्रिया झाली. मुलीने सुट्टी काढली, जावयाने धावपळ केली, आणि तात्या नवा गुडघा घेऊन घरी आले, तेव्हा कारखान्यातून फोरमनने निरोप पाठवला, ‘नवा नमुना तयार आहे. घाई नाही.’ बाजारात कोणी हसलं नाही. एक-दोन ग्राहकांनी तर फोन करून आपापल्या गुडघ्यांची लांबलचक हकिकत ऐकवली.

व्यायाम करून घ्यायला सकाळी एक बाई यायच्या आणि दुपारी वजीर यायचा. खुर्ची ओढून पलंगाशी बसायचा, तात्यांच्या पायाकडे बघून “आज बरा वाकतोय” असं शेरा मारल्यासारखं म्हणायचा आणि मग हळूच विषयाला हात घालायचा.

“तात्या, पाइप थोडासा पातळ केलास, तर…”

“तुझा काय संबंध आता? शेअर विकलेस ना?”

“म्हणून तर फुकट सांगतोय. आधी भागीदार म्हणून सांगायचो, तेव्हा तुला वाटायचं स्वार्थ आहे.”

“पातळ पाइप वाकतो, वजिरा!”

“आतून पट्टी घाल की मग. पायरीच्या खाली, आडवी.”

आडवी पट्टी तात्यांच्या डोक्यात कधी आली नव्हती. ती कुठे बसेल, किती बसेल, हे ते मनातल्या मनात बघायला लागले, पण कबूल करायचं म्हणजे फारच झालं. “कागद दे,” ते म्हणाले, “तुला दाखवतो ते का जमणार नाही ते.” मग दोघेही कागदावर वाकले, आवाज चढले, पेन्सिलीची ओढाताण झाली.

शेजारच्या खोलीतून तात्यांची बायको डोळे चोळत आली. “कोर्टात होतात तेव्हा मला दुपारची झोप तरी मिळायची.”

“वहिनी, अपील करा,” वजीर म्हणाला.

“करीन,” ती म्हणाली. दोघांच्या मधला रिकामा तांब्या उचलून तो भरून आणून ठेवला आणि जाताना दार ओढून घेतलं. थोडा वेळ दोघे दबल्या आवाजात भांडले. मग तात्यांनी पट्टीची जागा खोडून वर सरकवली, आणि वजीर पुन्हा ओरडला.